सोळाचा आग्रह आणि सातचा विसर

‘गुन्हा करताना मोठा आणि शिक्षा घेताना लहान, हा कुठला न्याय?’ नांदेडच्या वजिराबादेत, लातूरच्या गंजगोलाईत, वकिलांच्या बाररूममध्ये आणि शाळांच्या शिक्षक-खोलीतही हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. सकाळच्या पेपरात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक ताब्यात’ अशी ओळ आली की एक जण म्हणतो, ‘सुटणार बघा, अठराच्या आतला आहे.’ दुसरा म्हणतो, ‘वय सोळावर आणा.’ तिसरा चौदावर येतो. लिलावात बोली चढत जाते, इथे ती उतरत जाते. ती उतरू नये असे म्हणणारा त्या घोळक्यात सहसा कोणी नसतो.

मी ते म्हणणार आहे. अठराची रेषा खाली ओढणे चूक आहे, एवढ्यावर मी थांबणार नाही. आपल्या फौजदारी कायद्यातला बदलण्याजोगा आकडा वेगळाच आहे. तो खालचा आहे आणि तो वर न्यायला हवा. त्याकडे मी शेवटी येईन.

आधी पूर्वपक्ष. तो दुबळा करून मांडायचा आणि मग पाडायचा, हा वादाचा अपमान ठरेल. वय उतरवा म्हणणाऱ्यांचे म्हणणे चार भागांत सांगता येते. एक, आजचा सोळा वर्षांचा मुलगा पूर्वीसारखा अजाण राहिलेला नाही. हातात मोबाईल आहे, जग पाहिलेले आहे, खून म्हणजे काय हे त्याला पक्के ठाऊक आहे. दोन, कायदा मऊ आहे हे ओळखून टोळ्या मुलांनाच पुढे करतात. तीन, जिवाच्या बदल्यात तीन वर्षे ‘सुधारगृह’ ही पीडित कुटुंबाची थट्टा आहे. चार, देशभरात ताब्यात घेतलेल्या बालकांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक सोळा ते अठरा या वयाचे असतात, मग या दोन वर्षांनाच संरक्षण का? हा शेवटचा आकडा खरा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल तेच सांगतात.

ज्या घरातले माणूस गेले, त्या घराच्या संतापाला माझ्याकडे उत्तर नाही. ते देण्याचा अधिकारही मला नाही. माझा वाद त्या संतापाचे भांडवल करून कायदा लिहायला निघालेल्यांशी आहे.

पहिली गोष्ट, ते जे मागत आहेत त्यातले बरेचसे दहा वर्षांपूर्वीच झाले आहे. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारातला अल्पवयीन आरोपी तीन वर्षे पूर्ण करून २० डिसेंबर २०१५ रोजी बाहेर पडला. दोनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, राज्यसभेने नवा बाल न्याय कायदा मंजूर केला आणि १५ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १५ नुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घोर अपराधाचा, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा, आरोप असेल तर बाल न्याय मंडळ त्याची प्राथमिक तपासणी करते. त्यानंतर त्याचे प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकते आणि तिथे प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. फाशी आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप एवढ्याच दोन शिक्षा त्याला देता येत नाहीत. बाकी सगळे दरवाजे उघडे आहेत. तेव्हा ‘अठराच्या आतला म्हणजे तीन वर्षांत सुटला’ हे वाक्य आज सरसकट खरे नाही. ज्याला कायदा बदलायचा आहे, त्याने तो आधी वाचायला नको का?

आणि हा दरवाजा उघडल्यावर आत कोण येतो? मागणी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे क्रूर खुनी असतो. मंडळापुढच्या फायलीत मात्र अनेकदा दुसराच मुलगा असतो. मुखेड किंवा औशाच्या एखाद्या गावातला अकरावीतला मुलगा, त्याच्याच वर्गातली सोळा-सतरा वर्षांची मुलगी, दोघे पळून गेलेले. मुलीच्या बापाची फिर्याद. गुन्हा पोक्सोखाली, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली. तिथे मुलीच्या संमतीला कायद्यात किंमत नाही आणि गंभीर कलमाला किमान शिक्षा दहा वर्षे. म्हणजे हा मुलगा ‘घोर अपराधी’ ठरतो आणि प्रौढ म्हणून खटल्याच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात संमतीचे वय कमी करू नका असे सांगतानाच, सोळा ते अठरा वयातल्या अशा प्रकरणांत न्यायालयाला शिक्षेबाबत विवेकाधिकार असावा, असे सुचवले. ज्याला राक्षस समजून जाळे विणले, त्या जाळ्यात शेजारचे लेकरू अडकते. जाळे अजून रुंद करायचे का, हे वाचकांनीच सांगावे.

आता समजूतदारपणाचा मुद्दा. तो सर्वांत लोकप्रिय आहे, म्हणून त्याला सर्वांत जास्त जागा देतो.

सोळाव्या वर्षी मुलाला सगळे कळते, असे जो बाप गंजगोलाईत ठासून सांगतो, तोच बाप दहावीचा निकाल लागला की आपल्या मुलाला लातुरात अभ्यासाच्या ‘पॅटर्न’साठी आणतो. राजर्षी शाहू महाविद्यालयाने रुजवलेल्या त्या परंपरेने जिल्ह्याला नाव दिले, याचा मला अभिमान आहे. पण त्यासाठी आलेल्या मुलांच्या खोल्यांत डोकावून पाहा. दहा बाय बाराची खोली, एक खाट, भिंतीवर वेळापत्रक, कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि कुकर. त्या कुकरपाशी मुलाची आई. शेत, जनावरे, म्हातारी सासू गावाकडे ठेवून ती दोन वर्षांसाठी शहरात येऊन राहिलेली असते. का? विचारले तर उत्तर एकच: ‘पोरगं अजून लहान आहे. एकटं सोडलं तर संगतीला लागंल.’ नांदेडच्या क्लासेसच्या भागातही हेच उत्तर मिळते.

ही आई बरोबर आहे. सोळा-सतराव्या वर्षी पुस्तकातले कळते, पण संगत आवरत नाही, हे तिला कुठल्याही मानसशास्त्राच्या ग्रंथाशिवाय ठाऊक आहे. मेंदूचा अभ्यास करणारे आज तेच सांगतात. धोका तोलणारा, आवेग रोखणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. मुलाला खून वाईट हे कळत नाही, असे कोणीच म्हणत नाही. प्रश्न कळण्याचा नाही, आवरण्याचा आहे. चार मित्र चिथावणी देत असताना त्या क्षणी मागे फिरण्याची ताकद त्याच्यात प्रौढाइतकी असते का? आपल्या मुलासाठी ‘अजून लहान’ आणि दुसऱ्याच्या मुलासाठी ‘चांगला घोडा झालाय’, असा दुहेरी तराजू न्यायाच्या टेबलावर चालत नाही.

कायदाही आजवर असाच बोलत आला आहे. सतरा वर्षांच्या मुलाची सही करारावर चालत नाही. त्याला मत देता येत नाही, चारचाकीचा परवाना मिळत नाही. सतरा वर्षांच्या मुलीचे लग्न लागत असल्याची खबर आली की ग्रामसेवक आणि पोलीस मांडवात जाऊन ते थांबवतात, आणि मराठवाड्यात ही वेळ वारंवार येते. तिथे आपण म्हणतो, ती बालिका आहे, तिला निर्णयाचे परिणाम कळत नाहीत. मग त्याच वयाचा तिचा भाऊ चाकू हाती घेतो त्या दिवशी एकाएकी प्रौढ कसा होतो? गुन्हा केल्याने वय वाढते काय?

प्राथमिक तपासणीतून ही गाठ सुटेल असे म्हणतात. मुलाची मानसिक क्षमता पाहा आणि ठरवा. पण काय पाहणार? एका रात्री, एका गल्लीत, काही मिनिटांत जे घडले, त्या मिनिटांतले मन मंडळासमोर नसते. समोर असतो अनेक दिवसांनी निरीक्षणगृहातून आणलेला, घाबरलेला किंवा शिकवून तयार केलेला मुलगा. आजची बुद्धी मोजता येते, त्या रात्रीची कशी मोजणार? १३ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ‘बरुण चंद्र ठाकूर’ प्रकरणात हे काम नाजूक असल्याचे सांगून त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे हवीत असे म्हटले. कायदा होऊन साडेसहा वर्षे लोटल्यावरही तत्त्वे हवीत असे म्हणण्याची वेळ येते, तिथे मापच नव्हते.

टोळ्यांचा मुद्दा खरा आहे. नांदेडकरांना गावठी कट्टा म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, आणि कट्टा पोहोचवायला पोरगे वापरले जाते हेही. पण यावर उपाय म्हणून वय सोळावर आणले तर टोळीवाला काय करील? धंदा सोडील? तो पंधरा वर्षांचा मुलगा शोधील. चौदावर आणले तर तेरा वर्षांचा. रेषा जितकी खाली, तितके कोवळे मूल त्याच्या हाती. मुलाला पुढे करणाऱ्या प्रौढासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये किमान तीन, कमाल दहा वर्षे कैद आहे. आपल्या जिल्ह्यात बालक ताब्यात घेतल्याच्या बातम्या नेहमी येतात. त्यासोबत त्याला हत्यार देणाऱ्यावर कलम ८३ लावल्याची बातमी वाचकांनी शेवटची कधी वाचली? मऊ आहे ती अंमलबजावणी, आणि ती मोठ्यांच्या बाबतीत मऊ आहे.

पुण्याचे पोर्श प्रकरण आठवा. १९ मे २०२४ ची ती पहाट, कल्याणीनगर, अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी. तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून दिलेल्या जामिनावर महाराष्ट्र खवळला, आणि तो खवळणे योग्यच होते. पण त्या प्रकरणात बाहेर आलेले आरोप पाहा. अल्पवयीन मुलाला मद्य दिले कोणी? गाडी दिली कोणी? रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप कोणावर? सगळे प्रौढ. मुलाचे वय सोळा असते किंवा वीस असते, म्हणून नमुने बदलण्याचा आरोप टळला असता का? त्या रात्रीच्या संतापाचे बोट मुलाच्या वयाकडे वळले आणि मोठ्यांचा कारभार त्या बोटाआड गेला.

पीडितांचे काय, हा प्रश्न उरतोच. न्याय लवकर मिळावा, साक्षीदाराला धाक नसावा, भरपाई हातात पडावी, हे त्यांचे हक्क आहेत. यातला एकही हक्क आरोपीचे वय दोन वर्षांनी उतरवल्याने मिळत नाही. उलट, वयाचा वाद वरच्या कोर्टापर्यंत लढवला की प्रकरण रेंगाळते आणि तोटा त्यांचाच होतो.

कडक शिक्षेने गुन्हे घटतात, असे वाटणाऱ्यांनी अमेरिकेकडे पाहावे. मुलांना प्रौढांच्या न्यायालयात पाठवण्याचा प्रयोग तिथे मोठ्या प्रमाणावर झाला. २००७ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले तेव्हा दिसले की, प्रौढ व्यवस्थेत धाडलेली मुले बाल न्याय व्यवस्थेत राहिलेल्या मुलांपेक्षा पुन्हा अटक होण्याच्या बाबतीत सुमारे ३४ टक्क्यांनी पुढे होती. तुरुंगाने त्यांना सुधारले नाही, शिकवून बाहेर काढले. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदा करून सोळा आणि सतरा वर्षांच्या मुलांना आपोआप प्रौढ मानणे थांबवले. ते ज्या रस्त्याने परतत आहेत, त्याच रस्त्याने आपल्याला पुढे जायचे आहे काय?

आणि संकट म्हणावे तर ते केवढे? २०२२ मध्ये देशात नोंदलेले दखलपात्र गुन्हे ५८ लाखांवर होते. त्यात बालकांवरची प्रकरणे ३०,५५५. दोनशेत एकाच्या आसपास. २०१६ मध्ये हीच प्रकरणे ३५,८४९ होती. यावर प्रतिपक्ष म्हणेल, पाहा, २०१५ च्या कडक कायद्याचा गुण आला. पण तो कडकपणा फक्त घोर अपराधांपुरता आहे, आणि हा आकडा चोरी-मारामारीसकट साऱ्या प्रकरणांचा आहे. यावरून कायद्याला श्रेय देता येत नाही. मात्र लाट आली आहे, ही आरोळी या आकड्यांवर टिकत नाही.

चौथा मुद्दा वयाच्या दोन वर्षांचा. गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण किशोरवयात चढते आणि पुढे वयाबरोबर उतरते, ही गोष्ट नवी नाही. वयाचा आणि गुन्ह्याचा संबंध बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाने १८३१ मध्येच आकड्यांनी मांडला होता. सोळा ते अठरा या वयात प्रमाण जास्त दिसते, याचा अर्थ ही मुले पक्के गुन्हेगार आहेत असा होत नाही. बहुतेक जण त्यातून बाहेर पडतात, असाच होतो. त्यांना नेमके त्याच दोन वर्षांत सराईतांच्या बराकीत ढकलणे म्हणजे उतरणारा ताप चढवणे होय.

आता आपल्या मातीतला पुरावा. मराठवाड्यातल्या कुठल्याही जुन्या झेडपी शाळेचे दाखलखारीज रजिस्टर उघडा. निळ्या शाईत ओळीने नावे, आणि जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून. अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मला काय? आई सांगे, ‘पेरणीच्या आधी झाला,’ किंवा ‘भूकंपाच्या सालचा.’ शाळा जूनमध्ये उघडे. गुरुजी पाच-सहा वर्षे मागे मोजून तारीख टाकत. त्यात कोणाचे लबाडीचे काम नव्हते. पण बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ नुसार वय ठरवताना हाच शाळेचा पुरावा पहिला. गुरुजींच्या त्या अंदाजावर एखाद्याचे बालपण टिकते किंवा जाते. प्रतिपक्ष म्हणेल, ही चूक अठराच्या रेषेलाही होते. होते. फरक एवढाच की अठराच्या रेषेवर चूक झाली तर सतरा वर्षांचा मुलगा प्रौढांत जातो, चौदाच्या रेषेवर झाली तर बारा-तेरा वर्षांचे मूल जाते.

ही कल्पनेतली भीती नाही. २६ ऑगस्ट १९९४ रोजी पुण्यात पौड रस्त्यावर एका घरातल्या सात जणांची हत्या झाली. आरोपींपैकी एकाला प्रौढ धरून फाशी सुनावली गेली आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ चा मान राखून मी त्याचे नाव घेत नाही. २७ मार्च २०२३ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या त्याच्या शाळेचा दाखला ग्राह्य धरला आणि निर्णय दिला की घटनेच्या दिवशी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते. बाल न्याय कायद्यानुसार त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता आले नसते. तो २८ वर्षे तुरुंगात होता, त्यातली बहुतेक फाशीच्या छायेत. गुन्हा भीषण होता, यात वाद नाही. पण बारा वर्षांच्या मुलाला फाशीची कोठडी दाखवणारी व्यवस्था वयाची रेषा खाली आणण्यासाठी विश्वासार्ह आहे, असे कोण छातीठोकपणे म्हणेल?

याच विषयावर देश पेटलेला असताना, २३ जानेवारी २०१३ रोजी, न्या. जे. एस. वर्मा समितीने वय उतरवण्यास नकार दिला होता. त्याच वर्षी जुलैत ‘सलील बाली’ निकालात सर्वोच्च न्यायालयानेही अठराची रेषा कायम ठेवली. ही माणसे मवाळ होती म्हणून नव्हे, त्यांनी पुरावा पाहिला म्हणून.

शेवटी ‘हे लाड पाश्चात्त्यांचे’ असे म्हणणाऱ्यांसाठी. महाभारताच्या आदिपर्वातला अणीमांडव्य कीर्तनातून आपल्या गावोगाव पोहोचलेला आहे. चोरांचा माल आश्रमात सापडला म्हणून राजाने त्या निरपराध ऋषीला सुळावर चढवले. त्याने धर्माला जाब विचारला, तेव्हा उत्तर मिळाले की लहानपणी तू गवताच्या काडीने किडे टोचले होतेस, त्याचे हे फळ. मांडव्याने तो न्याय मानला नाही. बालपणीच्या कृत्याला एवढा दंड देणाऱ्या धर्मालाच त्याने शाप दिला. धर्म विदुर म्हणून जन्माला आला, आणि मांडव्याने मर्यादा घालून दिली: चौदाव्या वर्षापर्यंत पातक लागणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१९ मध्ये फौजदारी जबाबदारीचे किमान वय निदान चौदा असावे, अशी शिफारस केली. मांडव्याने घातलेली मर्यादाही तीच होती.

आणि आपला कायदा? १८६० च्या दंड संहितेत इंग्रजांनी किमान वय सात लिहिले. सात ते बारा या वयात मुलाला समज नव्हती असे दिसले तर सूट, एवढीच पुढची सोय. खुद्द इंग्रजांनी आपल्या देशात तो सातचा आकडा १९३३ मध्ये आठ आणि १९६३ मध्ये दहा केला. स्कॉटलंडने बारा केला. आपण १९९२ मध्ये बालहक्क करार स्वीकारला, २०२३ मध्ये गुलामीच्या खुणा पुसतो म्हणत नवी संहिता लिहिली, आणि सात तसाच ठेवला. त्या वयाच्या मुलाला तुरुंगात टाकत नाहीत हे खरे, बाल न्याय कायदा त्याला सांभाळून घेतो. पण अपराधी म्हणून मंडळापुढे उभे करण्याची वाट कायद्याने उघडी ठेवली आहे. वय उतरवण्यासाठी निवेदने देणाऱ्या माझ्या मित्रांना विनंती एवढीच की पुढचे निवेदन या आकड्यावर द्यावे, आणि सातच्या जागी चौदा मागावे.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २० मध्ये सात हा आकडा आज आहे. सात वर्षांचे लेकरू आपल्या झेडपी शाळेत दुसरीत असते.